मोहावरचा वांदा आणि त्याचं धुळीएवढं बी



मागच्या भागात आपण पळसावरच्या लाखेबद्दल बोललो होतो. आजचा विषयही झाडावरचाच आहे. मोहाची फुलं वेचून झाली, तेंदूपत्त्याचा हंगामही सरत आला. या दिवसांत धुऱ्यावरच्या जुन्या मोहाकडे किंवा आंब्याकडे मान वर करून पाहा. फांदीच्या बेचक्यात एक हिरवा झुपका दिसेल. पट्ट्यासारखी जाड, लांब पानं दोन बाजूंना ओळीनं लागलेली असतात. करंगळीहून बारीक अशी पांढुरकी मुळं काही सालीला चिकटलेली, काही हवेत लोंबणारी. फुलं आली असतील तर ती पिवळसर-तपकिरी दिसतील, त्यांवर जाळीसारख्या रेषा असतील आणि मधला ओठासारखा भाग निळसर-जांभळा असेल. नाक जवळ नेलं तर मंद गोड वास येतो.

आपल्याकडे याला कुणी वांदा म्हणतं, कुणी बांदा म्हणतं आणि बहुतेक जण सरळ बांडगूळ म्हणून मोकळे होतात. मराठी पुस्तकांत अशा झाडांना आमरी म्हणतात. इंग्रजी शब्द ऑर्किड. लग्नाच्या मांडवात नागपूरहून येणारी महागडी फुलं आपण पाहिली आहेत, त्यांच्याच कुटुंबातलं हे झाड. त्याचं शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा.

गेल्या काही महिन्यांत आमच्या गटांपुढे एक प्रश्न आला. हे झाड जंगलातून काढून विकायचं, की ते आहे तिथे ठेवून त्याच्या बियांपासून नवी रोपं करायची? उत्तर शोधता शोधता आम्ही या झाडाचा इतिहास वाचला. तो इतिहास कलकत्ता, सिंगापूर, फ्रान्स, अमेरिका असा फिरतो आणि शेवटी आपल्या स्वयंपाकघरात येऊन थांबतो. म्हणून तो आज तुम्हाला सांगतो.

नाव आपलं, गैरसमजही आपलाच

अठराव्या शतकात कलकत्त्याला सर विल्यम जोन्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. १७८४ साली एशियाटिक सोसायटी त्यांनी स्थापन केली. ते पंडितांकडून संस्कृत शिकले होते आणि इथल्या झाडांना इथलीच नावं असावीत असं त्यांचं मत होतं. झाडावर वाढणाऱ्या या वनस्पतीसाठी त्यांनी ‘वन्दा’ हा संस्कृत शब्द घेतला. त्याच सुमारास विल्यम रॉक्सबर्ग नावाचे वनस्पतितज्ज्ञ दक्षिणेतल्या पूर्व किनाऱ्यावरची झाडं नोंदवत होते. त्यांनी १७९५ साली या झाडाचं वर्णन छापलं. फुलावर चौकटीचौकटींची नक्षी असते म्हणून ‘टेसेलाटा’, म्हणजे चौकटींचं. पुढे १८२० साली लंडनमध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ‘व्हँडा’ हे नाव शास्त्रात पक्कं केलं.

आज जगभर व्हँडा नावाच्या अनेक जाती आहेत. निळ्या, लाल, पिवळ्या, ताटलीएवढ्या फुलांच्यासुद्धा. त्या सगळ्यांचं नाव आपल्या मोहावरच्या या साध्या झाडावरून बांधलं गेलं आहे.

पण नावाबरोबर एक गैरसमजही चालत आला. संस्कृतात वन्दा म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणारं झाड, म्हणजेच बांडगूळ. खरं बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवतं आणि झाडाचा रस पितं. वांदा तसं करत नाही. त्याची मुळं सालीला वरवर धरून राहतात. पानं हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः तयार करतं. मुळांवरचा पांढरा थर स्पंजासारखा असतो. पावसाचं, दवाचं पाणी तो शोषून धरतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हातही झाड तगून राहतं. झाडावरून वाहून आलेल्या पाण्यातली थोडी धूळ, कुजलेला पाला, एवढ्यावर त्याचं भागतं. भाडेकरू आणि चोर यांत जेवढा फरक असतो, तेवढा वांदा आणि बांडगूळ यांत आहे. मोह वाळतो आहे म्हणून वांदा ओरबाडून टाकला, तर मोह वाचत नाही, वांदा मात्र जातो.

बी असंख्य, रोप एकही नाही

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत लोकांना ऑर्किडचं वेड लागलं. काचेच्या उबदार घरांत ही झाडं ठेवायची आणि पाहुण्यांना दाखवायची, ही मोठेपणाची खूण झाली. एकेका झाडाला लिलावात मोठमोठ्या किमती येऊ लागल्या. मग व्यापाऱ्यांनी माणसं जगभरच्या जंगलांत पाठवली. आल्बर्ट मिलिकन नावाच्या एका इंग्रज संग्राहकानं आपल्या प्रवासाचं पुस्तक १८९१ साली छापलं. त्यात त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात दोन महिन्यांत सुमारे १०,००० ऑर्किड जमवण्यासाठी सुमारे ४,००० झाडं तोडली. वरच्या फांदीवर चढण्यापेक्षा झाड आडवं करणं सोपं, एवढाच त्यामागचा विचार.

तुम्ही म्हणाल, बी लावून रोपं का नाही केली? तिथेच तर सगळं अडलं होतं.

या झाडाच्या शेंगेत बी किती असतं ते पाहिलं तर चक्कर येते. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली ऑर्किडवर एक पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधल्या एका रानटी ऑर्किडच्या एका शेंगेत त्यांनी सुमारे ६,२०० बिया मोजल्या. एका झाडाला तीसेक शेंगा धरल्या तर दीड लाखांहून जास्त बिया होतात. या सगळ्या उगवल्या तर तीन-चार पिढ्यांत सारी पृथ्वी झाकली जाईल, असा हिशेब त्यांनी मांडला. प्रत्यक्षात मात्र तसं होत नाही. आपल्या वांद्याच्या शेंगेतही अशाच हजारो बिया असतात. शेंग पिकून तडकली की पिठासारखी धूळ उडते. ती धूळ म्हणजेच बी.

धानाचा दाणा घ्या. आत अंकुर असतो आणि अंकुराला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. ती शिदोरी म्हणजेच आपण खातो तो तांदूळ. आमरीच्या बियांत ही शिदोरी नसते. वाऱ्याबरोबर दूर जाता यावं म्हणून ते बी इतकं हलकं झालंय, की त्यात खाण्यापुरतंही काही उरलेलं नाही. मातीत पेरलं, पाणी घातलं, तरी ते उगवत नाही. मोठमोठ्या बागांतले माळी वर्षानुवर्षं पेरत राहिले आणि कुंड्या रिकाम्याच राहिल्या.

इंग्लंडमधल्या एक्सेटर गावात व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी नावाचे मुकादम होते. तिथल्याच एका डॉक्टरांनी, जॉन हॅरिस यांनी, त्यांना फुलातले परागाचे गोळे दुसऱ्या फुलावर कसे ठेवायचे ते दाखवलं. डॉमिनींनी दोन जातींचा संकर केला, बी धरलं, रोप वाढवलं आणि १८५६ साली त्याला फूल आलं. माणसानं केलेल्या संकरातून फुललेलं जगातलं हे पहिलं ऑर्किड मानतात. त्यानंतर इतर माळ्यांनाही थोडंफार यश येऊ लागलं. त्यांना एक युक्ती सापडली होती. बी नव्या मातीत टाकायचं नाही, आईच्या कुंडीतच, तिच्या मुळांशी टाकायचं. तिथे शंभरातलं एखादं उगवायचं. असं का होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं.

सिंगापूरची ॲग्नेस

या गोष्टीत एक बाई आहे, तिचं नाव लक्षात ठेवा. ॲग्नेस जोकिम. सिंगापूरमधल्या एका आर्मेनियन व्यापारी कुटुंबातली ही मुलगी. जन्म १८५४ सालचा. तिला बागकामाची आवड होती. तिनं आपल्या बागेत दोन व्हँडांचा संकर केला. एक ब्रह्मदेशाकडचा, दुसरा मलायातला. रोप वाढलं, फुललं आणि तिनं ते सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांना नेऊन दाखवलं. १८९३ साली रिडलींनी लंडनच्या बागकामाच्या नियतकालिकात त्याची माहिती दिली आणि हा संकर मिस जोकिम यांनी केला असं स्पष्ट लिहिलं. झाडाला ‘व्हँडा मिस जोकिम’ हे नाव मिळालं. उबदार हवेत, उघड्यावर, कांड्या लावूनही वाढणारं हे झाड घराघरांत पोचलं. १८९९ साली तिथल्या फुलांच्या प्रदर्शनात तिला त्यासाठी बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी ती वारली. १९८१ साली सिंगापूरनं ते आपलं राष्ट्रीय फूल म्हणून जाहीर केलं.

पण मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट पसरली होती. ॲग्नेसनं काही संकर वगैरे केला नाही, बांबूच्या बेटात ते फूल आपोआप उगवलं होतं आणि तिला नुसतं सापडलं, असं लोक सांगायचे. रिडलींचा लेख छापलेला असताना ही गोष्ट कित्येक वर्षं चालली. तिच्या घराण्यातल्या माणसांनी आणि अभ्यासकांनी कागद काढून दाखवले, तेव्हा कुठे अलीकडे सिंगापूरच्या सरकारी संस्थांनी श्रेय तिला दिलं. बाईनं डोकं चालवून केलेलं काम ‘तिला सापडलं’ म्हणून सांगायची ही रीत आपल्यालाही चांगली ओळखीची आहे.

विरजण सापडलं

ॲग्नेस वारली त्याच वर्षी, १८९९ च्या मे महिन्यात, फ्रान्समध्ये नोएल बर्नार नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण सैन्यातली सक्तीची नोकरी करत होता. मुळात तो वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. जवळच्या फोंतेनब्लो जंगलात हिंडताना त्याला पाल्याखाली दबलेला एका रानटी ऑर्किडचा वाळका दांडा दिसला. शेंगा तशाच त्याला लागलेल्या आणि शेंगेतल्या शेंगेत बी उगवलेलं! त्यानं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्रत्येक कोंबात एका बुरशीचे धागे शिरलेले होते.

बर्नारला उलगडा झाला. बियांत शिदोरी नसते, ती ही बुरशी आणून देते. बुरशी कुजलेल्या लाकडातून, पाल्यातून अन्न काढते आणि त्यातलं थोडं कोंबाला मिळतं. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे. आईच्या कुंडीत बी का उगवत होतं, तेही कळलं. आईच्या मुळांशी ते विरजण आधीच होतं. बर्नारनं पुढे मुळांतून ही बुरशी वेगळी काढली, ती वाढवून बियांना दिली आणि रोपं करून दाखवली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९११ साली, तो वारला. पण वाट मोकळी झाली होती.

तरी ही बुरशी सांभाळणं सोपं नव्हतं. कधी ती बियांना पोसायची, तर कधी बियांनाच खाऊन टाकायची. हा तिढा अमेरिकेत सुटला. त्यासाठी लागणारी एक वस्तू मात्र आधीच एका बाईनं आपल्या स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत पोचवली होती.

चायना ग्रास, साखर आणि ब्लीचिंग पावडर

तिचं नाव फॅनी हेसे. जन्म अमेरिकेतला, लग्न जर्मनीतल्या डॉक्टरशी. तिचे पती वॉल्थर हेसे १८८१ साली बर्लिनला रॉबर्ट कॉक यांच्या प्रयोगशाळेत जंतूंवर काम करत होते. जंतू वाढवायला ते जिलेटिनची जेली वापरायचे. उन्हाळ्यात ती वितळायची आणि सगळं काम वाया जायचं. ‘तुझ्या खीर-जेल्या या उकाड्यात कशा घट्ट राहतात?’ असं पतीनं तिला विचारलं. ती अगर वापरत होती. समुद्रातल्या शेवाळापासून होणारा हा पदार्थ जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीनं तिला सांगितला होता. हाच अगर आपल्या किराणा दुकानात चायना ग्रास नावानं मिळतो. उकळल्यावर तो विरघळतो, थंड झाला की घट्ट होतो आणि मग भर उन्हातही पातळ होत नाही. तेव्हापासून जगातल्या प्रयोगशाळा अगरवर चालतात. कॉक यांनी १८८२ साली क्षयाच्या जंतूंवरच्या लेखात अगरचा उल्लेख केला. फॅनीचं नाव मात्र त्यात नव्हतं.

आता अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात येऊ. तिथे लुईस नडसन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विचार केला, बुरशी बियांना काय देते? साखर देत असेल, तर आपणच साखर का देऊ नये? त्यांनी बी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात धुऊन निर्जंतुक केलं. हो, गावच्या विहिरीत पावसाळ्यात टाकतात तीच पावडर. मग काचेच्या नळीत अगर, साखर आणि थोडे खतासारखे क्षार घालून, सगळं वाफेवर शुद्ध करून, त्यावर ते बी टाकलं. बुरशीचा स्पर्शही नसताना बी हिरवं झालं. मोहरीहून लहान हिरवे गोळे दिसले आणि त्यांतून पानं निघाली. त्यांचं हे संशोधन १९२२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालं. लोकांनी शंका काढल्या, की अशी रोपं दुबळी राहतील, फुलणार नाहीत. १९३० साली नडसन यांनी अशाच रोपाला फूल आणून दाखवलं.

मैत्रिणींनो, यातला एकेक जिन्नस पाहा. चायना ग्रास, साखर, ब्लीचिंग पावडर, वाफ. पुढच्या काळात लोकांनी यात नारळाचं पाणी आणि पिकल्या केळ्याचा गर घालून पाहिला, आणि रोपं जोमानं वाढली. हौशी लोकांनी प्रेशर कुकरमध्ये बाटल्या शुद्ध करून घरीही हे काम केलं. यात सगळा भर शुद्धतेवर असतो. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाटलीत बी टाकताना तेवढंच सोवळं पाळावं लागतं, किंबहुना थोडं जास्तच.

या शोधानंतर ऑर्किडची किंमत जंगलातून बाटलीत आली. थायलंड, सिंगापूर अशा आपल्यासारख्याच उष्ण हवेच्या देशांत बाटलीतल्या रोपांवर मोठा धंदा उभा राहिला. आणि आपल्या वांद्याला तिथे मान आहे बरं का. त्याची झाडं फार मोठी होत नाहीत, उकाडा सोसतात, निळसर छटा आणि वास पुढच्या पिढीला देतात, म्हणून संकरासाठी त्याला वापरतात. सुवासासाठी नाव मिळवलेली ‘व्हँडा मिमी पामर’ ही जात आपल्या वांद्याचीच लेक आहे.

किलोनं विकायचं की बियांनी वाढवायचं

आता आपल्या गावात येऊ. आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत विषय निघाला, की एक व्यापारी फिरतो आहे. झाडावरचं बांडगूळ मुळांसकट काढा, वाळवा आणि किलोनं द्या, असं तो सांगतो. रास्ना म्हणून औषधाला जातं म्हणाला.

दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. एकीचं म्हणणं होतं, ‘शाळा उघडायच्या तोंडावर वह्या-पुस्तकं, त्यातच धानाचं बियाणं, नांगरटीचे पैसे. रानात फुकट लोंबतंय ते विकलं तर काय बिघडलं?’ तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जून महिना आपल्या सगळ्यांच्याच घरी तसा असतो. एका आजींनी विचारलं, ‘काढलं तर परत किती वर्षांनी येईल?’ याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. म्हणून आम्ही ते शोधायला घेतलं.

जे हाती आलं ते असं. रास्ना या नावानं देशात वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी झाडं विकली जातात. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात रास्ना म्हणून दिलेलं झाड वेगळंच आहे. ते उत्तर भारतात जमिनीवर वाढतं आणि त्याची पानं वापरतात. वांद्याची मुळं काही भागांत त्याच्या जागी चालवली जातात. म्हणजे आपलं झाड आपण दुसऱ्याच्या नावावर विकणार होतो.

वाळवल्यावर ते किती उरतं तेही आम्ही तोलून पाहिलं. वादळात पडलेल्या फांदीवरचं एक मेलेलं झाड वाळवलं. ओझंभर दिसणारं मूठभर झालं. एक किलो व्हायला किती झाडं लागतील, हे मग सगळ्यांनीच मनात मोजलं.

तिसरी गोष्ट काळाची. बियांपासून फुलापर्यंत यायला वांद्याला चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, तीही नीट सांभाळलं तर. रानात तर हजारो बियांतली एखादीच योग्य सालीवर, योग्य बुरशीजवळ पडते. मोहावरचा मोठा झुपका आपल्या लेकीबाळींच्या वयाचा असू शकतो.

चौथी गोष्ट कायद्याची. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पातून झाडपाला काढायला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही काढणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा, पण २००६ च्या त्याच कायद्यात जंगल आणि त्यातली जीवसृष्टी जपण्याची जबाबदारीही ग्रामसभेवरच टाकली आहे. शिवाय जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मिळून सायटिस नावाचा करार केलाय. भारत त्यात १९७६ पासून आहे. सगळी ऑर्किड त्या करारात येतात, म्हणून जंगलातलं ऑर्किड परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. याच करारात बहुतेक जातींच्या बंद, निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना मात्र सूट आहे. जंगलातून ओढून आणलेलं आणि बियांतून वाढवलेलं, यांत कायदाही फरक करतो.

हे सगळं ऐकल्यावर गटानं ठरवलं, की वांदा विकायचा नाही. ज्या मैत्रिणीला बियाण्याची अडचण होती, तिला गटाच्या अंतर्गत कर्जातून पैसे दिले. तेवढं केलं नसतं, तर नुसता ठराव तिच्या चुलीपर्यंत पोचला नसता. पुढे ग्रामसभेतही हा विषय ठेवला आणि शिवारातल्या कोणकोणत्या झाडांवर वांदा आहे, त्याची यादी गटाच्या वहीत उतरवायला सुरुवात केली.

आपल्या हातात काय आहे

लगेच पैसे मिळतील असं आम्ही कुणाला सांगत नाही. सुरुवात बिनखर्चाच्या कामापासून करावी.

पहिलं काम म्हणजे झाडं मोजणं आणि राखणं. शेंगा धरणारी जुनी झाडं ही आपली बियाण्याची कणगी आहे. कणगी फोडून कुणी पेरणी करत नाही.

दुसरं काम वादळानंतरचं. अवकाळी पावसात फांद्या पडतात, त्यांवरचा वांदा जमिनीवर कुजून जातो. आपल्या धुऱ्यावर किंवा अंगणात असा पडलेला दिसला, तर तो मोहाच्या, आंब्याच्या खरबरीत सालीवर सावलीच्या बाजूला सुतळीनं बांधावा. पावसाच्या तोंडावर बांधला तर मुळं साल धरतात. मुळांवर माती लावू नये, कुजतात.

तिसरं काम जुन्या माळ्यांच्या युक्तीचं. शेंग फुलानंतर कित्येक महिन्यांनी पिकते. पिवळी पडून तडकायला लागली की थोडं बी कागदात धरावं आणि पावसाच्या दिवसांत त्याच झाडाच्या जवळ, जुन्या मुळांलगत, ओल्या सालीवर हलक्या हातानं चोळावं. उगवेल ते थोडंच, पण खर्च काही नाही. बाकीचं बी वाऱ्याला सोडून द्यावं.

चौथं काम मात्र एकट्या गटाचं नाही. बाटलीतल्या पेरणीसाठी प्रयोगशाळेची जोड लागते. सिक्कीममध्ये पाकयोंगला १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा असलेली महाविद्यालयंही असतात. गावसंघानं अर्ज करून विचारायला हरकत नाही, की शेंग आम्ही देतो, बाटलीत रोप तुम्ही करा, बाहेर काढून वाढवायचं काम आम्ही घेतो.

आणि ते वाढवायचं काम आपल्याला जमण्यासारखंच आहे. बाटलीत बी हिरवं व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. रोपं दाट झाली की विरळ करून दुसऱ्या बाटलीत लावतात. साधारण वर्षभरानं बाहेर काढतात. मुळांना चिकटलेला अगर कोमट पाण्यानं अलगद धुवावा लागतो, नाहीतर त्यावर बुरशी धरते. मग कोळशाचे तुकडे, विटांचे खडे, नारळाची भिजवलेली शेंडी अशा मोकळ्या भरावात ती लावायची, हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवायची, हवा ओलसर राखायची आणि हळूहळू उजेडाची सवय करायची. पऱ्हे टाकणं, उपटणं, रोवणं, नाजूक रोपाचं मूळ न दुखावता ते चिखलात लावणं, हे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. इथे चिखल नाही आणि रोप बोटभर आहे, एवढाच फरक. पाटीभर रोपांतली काही मरतील, तेही धरून चालायचं.

फूल यायला वर्षं लागतील, पण बाटलीतून काढून सावरलेलं वर्ष-दोन वर्षांचं रोप रोपवाटिकेतही विकता येतं. त्याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. जाळी किती, बाटल्या किती, मरणारी रोपं किती धरायची, घेणारं कोण? हिशेब बसला तरच कर्ज काढावं. नाही बसला तरी पहिली तीन कामं करायला कुणाची ना नाही.

येत्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक पान या कामासाठी ठेवावं. आपल्या शिवारात वांदा कुठल्या झाडावर आहे, फुलला का, शेंग धरली का, एवढंच लिहावं. झाड ओळखता आलं नाही तर शेळ्या चारणाऱ्या पोरांना विचारा, त्यांना रानातल्या फांद्या आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. तुमच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. पावसाळा संपल्यावर शेंगा कशा धरल्या, याबद्दल आपण पुन्हा बोलू.

तोवर नमस्कार.